कानाने वाचण्याची विद्या



वाचन म्हटले की आपल्याला डोळे आठवतात. मूल पाटीवर अक्षर गिरवते, पुस्तकात ते ओळखते, आणि आपण कौतुकाने म्हणतो, पोर वाचायला लागले. परंतु अशीही एक लिपी आहे की जी हजारो माणसांनी डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी वाचली. मुळात ती कागदावर उमटवण्यासाठीच तयार झाली होती. माणसाच्या कानाने तिला कागदापासून सोडवले. तिचे नाव मोर्सची लिपी.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना तार चांगली आठवत असेल. दारात तारवाला उभा राहिला की घरातल्या माणसांच्या काळजात धस्स होई. तारघरातील ‘कट्ट-कडकट्ट’ हा आवाज तर कित्येक वर्षांपूर्वीच थांबला होता, कारण त्याची जागा दूरमुद्रकाने घेतली होती. पुढे जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवाही बंद झाली. आज खिशातल्या फोनवरून दुबई, मस्कत, लंडन येथे क्षणात बोलता येते. मग टिंब आणि रेघ यांची ही जुनी भाषा कानाने शिकण्याचा खटाटोप कोणी कशाला करावा, असा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे.

तरीही जगातील हौशी बिनतारी चालक, ज्यांना ‘हॅम’ म्हणतात, ते आजही रोज हेडफोन लावून ही भाषा ऐकतात आणि नव्या मुलांना शिकवतात. त्यामागे जो इतिहास आहे तो नुसत्या यंत्रांचा इतिहास नव्हे. माणूस एखादी विद्या कशी आत्मसात करतो, कुठे अडखळतो आणि कुठे कंटाळून ती सोडून देतो, याचा तो इतिहास आहे. म्हणून विद्यार्थ्यांइतकाच तो पालकांनीही वाचण्यासारखा आहे.

कागदाची पट्टी मागे पडली

२४ मे १८४४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या दोन शहरांमध्ये सॅम्युएल मोर्सने तारेने संदेश पाठवून दाखवला. त्याचा सहकारी होता आल्फ्रेड व्हेल. कोणत्या अक्षराला किती लहान खूण द्यावी, हे त्यांनी मोठ्या युक्तीने ठरवले. छापखान्यात जुळाऱ्याच्या खणात ज्या अक्षराचे खिळे जास्त, ते अक्षर भाषेत जास्त वेळा येते, हे उघड आहे. म्हणून इंग्रजीत सर्वांत अधिक येणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब मिळाले, ‘टी’ला एकच रेघ मिळाली, आणि क्वचित येणाऱ्या ‘क्यू’सारख्या अक्षरांच्या वाट्याला लांबलचक खुणा आल्या. पुढे जर्मनीच्या गेर्के याने १८४८ मध्ये त्यात सुधारणा केल्या, आणि १८६५ च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय लिपी मान्य झाली. आज वापरात आहे ती हीच.

मोर्सची मूळ कल्पना अशी की, दूरच्या टोकाला यंत्राने कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवाव्यात आणि कारकुनाने त्या डोळ्यांनी वाचाव्यात. पण यंत्र खुणा उमटवताना टकटक आवाज करी. दिवसभर त्याच आवाजात बसणाऱ्या तारमास्तरांच्या लवकरच लक्षात आले की पट्टी पाहण्याआधीच संदेश आपल्याला कळलेला असतो! वरिष्ठांना प्रथम हे पसंत पडले नाही. लेखी पुरावा नसताना कानावर विश्वास कसा ठेवायचा, ही त्यांची शंका. परंतु कानाने घेणारा माणूस वेगवान ठरला. काही वर्षांतच पट्टीचे यंत्र बाजूला पडले आणि केवळ आवाज करणारा ‘साउंडर’ मेजावर आला. शोध लावणाऱ्याच्या मनातही नव्हती अशी गोष्ट सामान्य कारकुनांच्या कानांनी घडवून आणली.

याच पिढीतला एक मुलगा म्हणजे थॉमस एडिसन. १८६२ मध्ये त्याने एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळांवरून ओढून वाचवले. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारविद्या शिकवली. एडिसनला ऐकू कमी येई. पण तो म्हणत असे की त्याचा आपल्याला फायदाच झाला, कारण शेजारच्या मेजांवरची गडबड कानावर न येता फक्त आपल्या साउंडरचा आवाज येई. ऐकणे म्हणजे कान तीक्ष्ण असणे एवढेच नव्हे. नको ते सोडून हवे ते धरणे, हे त्यातले खरे मर्म.

आपल्या देशात ओ’शॉनेसी नावाच्या डॉक्टराने १८३९ मध्येच कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले होते. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली आणि १८५४ मध्ये मुंबई शहर आग्रा व कलकत्त्याशी तारेने जोडले गेले. सुरुवातीला ओ’शॉनेसीने स्वतः तयार केलेली सुईची यंत्रे होती. नंतर काही वर्षांतच मोर्सची पद्धत रूढ झाली, आणि पुढची अनेक दशके गावोगावच्या तारघरांत आणि रेल्वे स्टेशनांत कानाने वाचणारे तारमास्तर दिसू लागले.

आकाशातून आलेली तीन टिंबे

तारेचा आधारही सुटला तेव्हा कानाची खरी कसोटी लागली. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या एका टेकडीवर मार्कोनी कानाला टेलिफोनचा रिसीव्हर लावून बसला होता. पतंगाच्या साहाय्याने वर चढवलेली तार हा त्याचा एरियल. सुमारे ३,४०० किलोमीटर दूर, इंग्लंडच्या पोल्डू येथून ‘एस’ हे अक्षर, म्हणजे फक्त तीन टिंबे, पुनःपुन्हा पाठवली जात होती. खुणा उमटवणाऱ्या यंत्रापेक्षा कानावर त्याने अधिक भरवसा ठेवला. त्याने ती तीन टिंबे ऐकल्याचे जाहीर केले. लेखी पुरावा नसल्याने त्यावर आजही तज्ज्ञांत वाद होतात. पण बिनतारीचे युग कानापासून सुरू झाले, हे नाकारता येत नाही.

त्या कानाची किंमत जगाला १९१२ मध्ये कळली. १४ एप्रिलच्या रात्री टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले. त्यावरील बिनतारी चालक जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड मदतीची हाक पाठवू लागले. जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाचा एकुलता एक चालक दिवसभराचे काम संपवून, यंत्र बंद करून नुकताच झोपला होता. उलट सुमारे ५८ मैलांवरच्या ‘कार्पेथिया’चा तरुण चालक हॅरल्ड कॉटम झोपण्याच्या तयारीत असला तरी त्याने कानावरचा हेडफोन अजून उतरवला नव्हता. त्याने हाक ऐकली, कप्तानाला उठवले, आणि त्या जहाजाने सातशेहून अधिक जीव वाचवले. फिलिप्स शेवटपर्यंत आपल्या जागेवर राहिला. तो बुडाला.

नंतर समुद्रावर चोवीस तास ऐकण्याचे नियम झाले. ५०० किलोहर्ट्‌झ ही संकटाची लहर ठरली. प्रत्येक तासाला १५ मिनिटे झाली की तीन मिनिटे, आणि ४५ मिनिटे झाली की पुन्हा तीन मिनिटे, त्या लहरीवर सर्वांनी गप्प बसायचे आणि केवळ ऐकायचे, अशी शिस्त होती. जहाजाच्या बिनतारी खोलीतील घड्याळाच्या तबकडीवर तेवढा भाग लाल रंगवलेला असे. एखादे बुडते जहाज क्षीण आवाजात हाक मारत असेल, तर ती गोंगाटात हरवू नये, एवढ्याचसाठी! आपल्या कोकणातील कितीतरी मुसलमान घरांतील माणसांनी पिढ्यान्पिढ्या बोटीवर नोकऱ्या केल्या. त्यांच्या सुखरूप परतण्यामागे या मौनाचाही थोडा वाटा होता. १९९९ मध्ये उपग्रहावर आधारलेली नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि जहाजांवरची ही राखण संपली.

हौशी माणसांची कामगिरी

मोर्स शिकणारे सगळेच नोकरीसाठी शिकत नव्हते. घरच्या घरी यंत्र जोडून केवळ हौसेने ऐकणारे आणि बोलणारे लोक बिनतारीच्या जन्मापासूनच होते. सरकारांनी त्यांना २०० मीटरपेक्षा लहान लहरींवर ढकलले, कारण त्या लहरी दूर जात नाहीत, निरुपयोगी आहेत, असा समज होता. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी तज्ज्ञ बोटीने स्कॉटलंडला आला. आर्ड्रोसन या गावी समुद्रकाठी भर थंडीत तंबू ठोकून तो रात्ररात्र ऐकत बसला, आणि अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे मोर्स संदेश त्याने टिपले. १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांच्यामधील हौशी चालकांनी लघुलहरींवर दोन्ही बाजूंनी संभाषणही केले. ज्या लघुलहरींवर पुढे साऱ्या जगाची रेडिओ केंद्रे चालली, त्यांची ताकद दाखवण्यात या हौशी कानांचा मोठा वाटा आहे.

भारतात १९२१ मध्ये कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिले हौशी चालक झाले. १९४८ मध्ये हौशी चालकांची देशव्यापी संस्था स्थापन झाली. या छंदात लहानथोर असा भेद नाही. जॉर्डनचे राजे हुसेन हेदेखील परवानाधारक हॅम होते आणि ‘जेवाय १’ या खुणेने ते जगभरच्या सामान्य माणसांशी बोलत.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे वळू. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनमधील हौशी चालकांचे संदेश पाठवण्याचे यंत्र सरकारने काढून घेतले. रिसीव्हर मात्र घरी राहिले. सरकारला लवकरच उमगले की जर्मन हेरखात्याचे क्षीण मोर्स संदेश ऐकायला या लोकांपेक्षा तयार कान मिळणार नाहीत. अशा सुमारे पंधराशे माणसांना गुपचूप या कामास लावण्यात आले. दिवसा आपला नोकरीधंदा करायचा आणि रात्री माडीवर किंवा परसातल्या खोपटात बसून ऐकायचे. पाच-पाच अक्षरांचे निरर्थक गट कागदावर उतरवायचे आणि बार्नेट येथील एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवून द्यायचे. त्या गटांचा अर्थ त्यांना कधी सांगितला गेला नाही. तो उलगडणारे लोक ब्लेचली पार्कमध्ये बसत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

त्यांच्या कानाची एक खुबी अशी की, संदेश कोणता एवढेच नव्हे तर पाठवणारा कोण, हेही ते ओळखत. जसे प्रत्येकाचे हस्ताक्षर वेगळे, तसा प्रत्येकाचा कळ दाबण्याचा ढंग वेगळा. खूण बदलली, वेळ बदलली, तरी हात लपत नाही.

बडोद्याच्या उस्तादांची पणती

याच युद्धातील एक नाव आपल्या मुलींनी आवर्जून लक्षात ठेवावे: नूर इनायत खान. बडोद्यात गायकवाडांच्या दरबारी मौलाबक्ष हे नामवंत गवई होते. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये तेथे जी गायनशाळा निघाली ती त्यांच्याच हातून. त्यांचे नातू इनायत खान हे संगीतकार आणि सूफी विचारवंत. टिपू सुलतानाच्या वंशाशी या घराण्याचे नाते सांगितले जाते. इनायत खान यांची थोरली मुलगी नूर हिचा जन्म १९१४ साली मॉस्कोत झाला. ती पॅरिसजवळ वाढली. घरात रात्रंदिवस संगीत. ती हार्प वाजवी, वीणा वाजवी. ती तेरा वर्षांची असताना वडील वारले. पुढे तिने बालमानसशास्त्राचा अभ्यास केला आणि मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. स्वभावाने अबोल, मृदू.

१९४० मध्ये फ्रान्स पडले तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नूर हवाई दलाच्या महिला शाखेत दाखल झाली आणि तिला बिनतारीचे शिक्षण मिळाले. महिनेच्या महिने तोच सराव, टिंब आणि रेघ. जून १९४३ मध्ये तिला गुप्त कामासाठी जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये पाठवण्यात आले. ब्रिटनहून तेथे गेलेली ती पहिली स्त्री बिनतारी चालक. थोड्याच दिवसांत तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. तिला परत बोलावण्यात आले, पण पॅरिस आणि लंडन यांच्यामधला दुवा तुटेल म्हणून तिने नकार दिला. सूटकेसमध्ये मावणारे यंत्र घेऊन, संदेशाचा माग काढणाऱ्या जर्मन गाड्यांना चुकवत, घरे बदलत ती ऑक्टोबरपर्यंत काम करत राहिली. शेवटी फितुरी झाली आणि ती पकडली गेली. जवळजवळ वर्षभराच्या कैदेनंतर १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. वय अवघे तीस. १९४९ मध्ये ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

तिच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे सांगायचे ते एवढेच की, धैर्य असून भागले नसते. हातात विद्या नसती तर त्या शौर्याचा उपयोग दुसऱ्याला झाला नसता. आणि ती विद्या एका रात्रीत आली नव्हती.

पठारावर थांबलेला विद्यार्थी

मग ही विद्या येते तरी कशी? १८९७ आणि १८९९ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे ब्रायन आणि हार्टर या दोघांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हार्टर स्वतः पूर्वी तारमास्तर होता. तार शिकणाऱ्या मुलांची प्रगती त्यांनी आठवड्या-आठवड्याला मोजली आणि आलेख काढले. पाठवण्याच्या कौशल्याचा आलेख सहज वर चढला. ऐकण्याचा आलेख मात्र काही काळ चढून एका जागी थबकला. आठवडे गेले, मेहनत तेवढीच, पण वेग वाढेना. आलेखावर जणू डोंगराच्या मधोमध पठार आले. नंतर एकाएकी आलेख पुन्हा चढू लागला.

या पठाराचा अर्थ त्यांनी असा लावला: प्रथम मूल सुटी अक्षरे ऐकते. मग आख्खा शब्द एका आवाजासारखा ओळखू लागते. शेवटी वाक्येच ऐकू येतात. पठारावर वरून काही दिसत नाही, पण आत अक्षरांची सवय पक्की होत असते आणि तिच्यावर शब्दांची सवय उभी राहत असते. नेमक्या याच टप्प्यावर अनेक शिकाऊ उमेदवार निराश होऊन बसत.

पुढच्या संशोधकांनी यात मोलाची भर घातली. अमेरिकेतील फ्रेड केलर याने महायुद्धाच्या काळात सैनिकांना मोर्स शिकवले, आणि १९५८ मध्ये असे मत मांडले की पठार सर्वांना यावेच असे नाही. ते शिकवण्याच्या पद्धतीवर पुष्कळसे अवलंबून असते. जर्मनीच्या लुडविग कॉख याने १९३० नंतरच्या दशकात निराळीच रीत काढली. त्याने सर्व अक्षरे सावकाश शिकवण्याऐवजी दोनच अक्षरे, पण पूर्ण वेगात शिकवली. ती बिनचूक येऊ लागली की तिसरे.

याचे कारण साध्या गणितात सांगता येते. रेघ म्हणजे तीन टिंबांएवढा वेळ. अक्षरातल्या खुणांमध्ये एका टिंबाची विश्रांती, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांची आणि दोन शब्दांमध्ये सात टिंबांची. ‘क्यू’ हे अक्षर ‘डा-डा-डी-डा’ असे आहे; एकूण तेरा टिंबांचा वेळ. मिनिटाला पाच शब्दांच्या गतीने ते पाठवले तर तीन सेकंद लागतात. एवढ्या वेळात मूल ‘रेघ, रेघ, टिंब, रेघ’ असे मोजते आणि मनातल्या तक्त्यात शोधत बसते. तेच मिनिटाला वीस शब्दांच्या गतीने पाऊण सेकंदात संपते. मोजायला सवडच नाही. उरते ती एक चाल, एक ठेका. तबलजी ‘धा तिरकिट’ ऐकतो तेव्हा बोटे मोजत नाही, तसेच हे.

सराव कसा करावा

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला हा छंद लागला तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर लावून पाठ करू नका. तो डोळ्यांचा अभ्यास झाला. कानाचा अभ्यास आवाजानेच करावा. टिंबाला ‘डिट’ आणि रेघेला ‘डा’ म्हणावे. ‘के’ म्हणजे डा-डी-डा, ‘एम’ म्हणजे डा-डा. बहुधा या दोन अक्षरांनीच आज आरंभ करतात. मोबाइलवर वा संगणकावर सरावाची साधने मिळतात. तीही नसली तर एक बझर, एक सेल आणि एक कळ यांवर दोन मित्र एकमेकांना शिकवू शकतात.

दुसरी, अक्षराचा वेग कमी करू नका, हवे तर दोन अक्षरांतली विश्रांती वाढवा. शंभरात नव्वद अक्षरे बरोबर आली की नवे अक्षर घ्या, तोपर्यंत नको. ‘एफ’ आणि ‘एल’ एकमेकांच्या उलट आहेत, तसेच ‘क्यू’ आणि ‘वाय’. त्यांत गोंधळ होतो. तो झाला की त्या जोडीचा वेगळा सराव करा.

तिसरी, रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे सकाळी आणि पंधरा मिनिटे संध्याकाळी बसा. कान थकला की तो चुकीचे शिकतो.

चौथी, एखादे अक्षर निसटले तर निसटू द्या. जागा मोकळी सोडून पुढचे ऐका. गेलेल्याचा विचार करत राहिलात तर पुढची तीनही जातील.

पाचवी, अक्षरे आली की कागद बाजूला ठेवून छोटे छोटे शब्द नुसते मनात ऐका. येथेच पठार येण्याचा संभव आहे. तेथे सराव सोडू नका. फार तर प्रकार बदला: कधी शब्द, कधी आकडे, कधी चालकांच्या खुणा. आपल्या देशाची खूण ‘व्हीयू’, म्हणजे डि-डि-डि-डा, डि-डि-डा. ती गर्दीतून ओळखू आली की मोठा आनंद होतो.

सहावी, शेवटी खऱ्या आकाशातले ऐका. घरगुती लघुलहरी रेडिओवर मोर्सची सूरबद्ध शिटी बहुधा ऐकू येत नाही. त्यासाठी तसा सूर निर्माण करणारी जोडणी असलेला रिसीव्हर लागतो. पावसाळ्यातल्या विजांचा कडकडाट, शेजारच्या केंद्राचा अडथळा, मध्येच बुडणारा आणि वर येणारा आवाज, या सगळ्यातून एक बारीक सूर धरून ठेवणे ही पुढची परीक्षा. आणि हे ध्यानात ठेवा की, हवेत संदेश पाठवायचा तर सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावाच लागतो. भारताच्या १९७८ च्या नियमांत मोर्सची परीक्षा मिनिटाला पाच आणि बारा शब्दांची होती. २००३ मध्ये मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली, आणि अनेक देशांत मोर्सशिवायही परवाना मिळू लागला. परीक्षेचे आजचे नियम दळणवळण मंत्रालयाच्या बिनतारी विभागाकडून पाहून घ्यावेत.

सक्ती उठूनही लोक मोर्स का शिकतात, यालाही व्यावहारिक कारण आहे. बोलण्याला जेवढी रुंद जागा लहरींवर लागते, तिच्या एका लहान अंशात मोर्स मावते. त्यामुळे पाच वॅटपेक्षाही कमी शक्तीच्या, घरी जोडलेल्या यंत्राने खंड ओलांडता येतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे दूरध्वनी कोलमडले, तेव्हा भारती प्रसाद आणि तेथे जमलेल्या हॅम मंडळींनी बाहेरच्या जगाशी संपर्क राखला. संदेश आवाजाने जावो वा मोर्सने, ऐकायला शिकलेला माणूस आधीपासून तयार असावा लागतो. संकट आल्यावर शिकायला वेळ नसतो.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, तुमच्या घरी मोर्स शिकणारे मूल कदाचित नसेलही. पण काहीतरी शिकणारे मूल नक्कीच आहे. गणित, इंग्रजी, शिवण, संगणक, कोणतीही विद्या घ्या, ब्रायन आणि हार्टर यांचे पठार तिच्या वाटेवर येऊ शकते. सहा महिने क्लासची फी भरली, मुलाचे मार्क जिथल्या तिथे, आणि आपण म्हणतो, “याच्या डोक्यात काही शिरत नाही, याला कामाला लावा.” मुलीच्या बाबतीत तर हा निर्णय आणखी लवकर होतो. वरून काही दिसत नसताना आत घडण चालू असू शकते, हे शंभर वर्षांहून अधिक काळ माणसाला ठाऊक आहे. तेव्हा मूल थांबलेले दिसले तर आधी शिकवण्याची रीत तपासा, तिच्यात बदल करा, आणि त्याला वेळ द्या. वाट मात्र बंद करू नका.

आणि विद्यार्थ्यांनो, समुद्रावरची ती लाल रंगवलेली तीन मिनिटे आठवा. आज प्रत्येकाजवळ बोलण्याचे साधन आहे. गप्प बसून दुसऱ्याचे ऐकण्याची सवय मात्र दुर्मीळ होत चालली आहे. रोज पंधरा मिनिटे सगळे आवाज बंद करून एका क्षीण सुराकडे कान लावायला शिकलात, तर मोर्सची लिपी येईलच. शिवाय वर्गात शिक्षकांचे, घरात थोरामोठ्यांचे आणि रस्त्यावर अडचणीत सापडलेल्या माणसाचे बोलणेही तुम्हाला इतरांच्या आधी ऐकू येईल.